सहावा विषय

"आई, आत गेल्यावर लगेच बोलायला लागू नकोस हं," केतकी म्हणाली. "आधी मॅडम काय म्हणतात ते ऐक. मग बोल."

"मी कधी लगेच बोलते?"

"आत्ता बोलतीयेस. मनात. ओठ हलतायत तुझे."

गाडी चालवणारा मुसोके आरशात बघून हसला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण मुलगी आईची खोडी काढते आहे एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

खोटं नव्हतं ते. मी वाक्यं पाठ करत होते. केतकीच्या शाळेत जायचं म्हटलं की कारखान्याच्या वसाहतीपासून कंपालापर्यंतचे दोन तास मी इंग्रजी वाक्यं घोटायची. 'वुई हॅव डिस्कस्ड इट ॲट होम.' 'वुई फील स्पॅनिश इज द सेफर ऑप्शन.' यातलं 'सेफर' मी कालच ठरवलं होतं. 'बेटर' म्हटलं तर विचारतील का बेटर, 'सेफर'ला कुणी काही विचारत नाही.

फेब्रुवारी होता. रस्त्याकडेच्या केळीच्या पानांवर लाल धूळ बसलेली. काच खाली केली तर अंगावर धूळ, वर केली तर मुसोकेच्या रेडिओचा आवाज. केतकी मागे माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पारदर्शक फाइल घेऊन. दर थोड्या वेळानं ती फाइल उघडायची, कागद जागेवर आहे ना बघायची आणि मिटायची. मी मान वाकडी केली की ती फाइल छातीशी धरायची.

"मला बघू दे की."

"शाळेत बघशील."

माझे यजमान युगांडातल्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. कोपरगावहून आम्ही आलो तेव्हा केतकीची चौथी झाली होती, नगरपालिकेच्या मराठी शाळेतली. इथं आल्यावर एकदम आंतरराष्ट्रीय शाळा. आता दहावी संपत आली होती आणि पुढच्या दोन वर्षांच्या डिप्लोमासाठी सहा विषय निवडायचे होते. त्यावरच पुढं परदेशी विद्यापीठ. प्रत्येक विषयाला सात गुण, वर तीन, एकूण पंचेचाळीस. हे पंचेचाळीस आमच्या घरात गेले वर्षभर देवासारखे बसले होते.

"सहा विषय?" हे म्हणायचे. "आमच्या वेळी दोनच होते. पास आणि नापास."

पाच विषयांत काही वादच नव्हता. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्रजी, इकॉनॉमिक्स. पोरीलाच इंजिनिअरिंग करायचं होतं, आम्ही काही लादलं नव्हतं. प्रश्न फक्त सहाव्याचा होता. सहावा म्हणजे आणखी एक भाषा. सगळी वसाहत स्पॅनिश घ्यायची. अगदी पहिल्यापासून शिकवतात, पुस्तक सोपं, आणि गुण हमखास. चीफ इंजिनिअरांच्या बायको काळे मॅडम, त्यांच्या निनादला एक्केचाळीस पडले होते, त्यातले सात स्पॅनिशचे. त्या हळदीकुंकवाला हातावर तीळगूळ ठेवतानासुद्धा म्हणाल्या होत्या, "स्पॅनिश घे म्हणावं केतकीला. सात कुठं गेले नाहीत. आमच्या निनादला अजून एक वाक्य बोलता येत नाही, पण सात आहेत!"

आणि केतकीनं घरी येऊन सांगितलं की तिला मराठी घ्यायचंय.

शाळेत मराठी शिकवणारं कुणी नव्हतं, पण तशी सोय होती. ज्या भाषेला शिक्षक नाही त्या भाषेचं साहित्य मुलांनी आपलं आपण वाचायचं आणि परीक्षा द्यायची. नऊ पुस्तकं. मुलांनीच यादी करायची. मदतीला बाहेरचा कुणी जाणकार शोधायचा आणि त्याचं नाव शाळेला कळवायचं.

"एलिना फिनिश घेतीये," केतकीनं सांगितलं. "तिचे आजोबा तिला स्काइपवरून शिकवणारेत. आणि दावित अम्हारिक."

"त्यांचं त्यांच्यापाशी. तुला कोण शिकवणार?"

"शोधलंय मी."

"कोण?"

"सांगीन ना." आणि हसली होती.

मला वाटलं, पुण्यातलं कुणीतरी इंटरनेटवर शोधलं असेल. कुणी अनोळखी माणूस, आठवड्याला दोन तास माझ्या सोळा वर्षांच्या पोरीशी बोलणार. मी यांना म्हटलं, "मराठीत सात देतात का कुणी? आपल्याकडे मराठीत शंभरातले पासष्ट मिळाले तरी पेढे वाटायचे." हे म्हणाले, "तू आणि ती ठरवा. मला गाळप सोडून काही कळत नाही."

तर आम्ही ठरवायला निघालो होतो. त्या दिवशी फॉर्मवर पालकांची सही व्हायची होती.

*

मिसेस नालवोगा डिप्लोमाच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, भरदार, गळ्यात मण्यांच्या माळेला लटकवलेला चष्मा. त्यांच्या खोलीत गेलं की आधी चहा यायचा आणि वाटीत भाजलेले शेंगदाणे. त्या मला 'मामा केटी' म्हणायच्या. तिकडं बाईला तिच्या पोराच्या नावानं हाक मारतात, मामा म्हणजे आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा केतकी घरी येईपर्यंत हसत होती. पण शाळेच्या कामाचं बोलायचं असलं की 'मिसेस वाकचौरे'.

"मिसेस वाकचौरे," त्या म्हणाल्या आणि मी सरळ बसले. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं. "पाच विषय छान आहेत. कष्टाचे आहेत, पण हिला जमतील. सहाव्याबद्दल तुमचं म्हणणं वेगळं आहे असं ही म्हणाली."

"वुई हॅव डिस्कस्ड इट ॲट होम," मी म्हटलं. "वुई फील स्पॅनिश इज द सेफर ऑप्शन."

केतकीनं माझ्याकडं बघितलं. बरोबर म्हटलं होतं मी.

"सेफर आहेच," मिसेस नालवोगा म्हणाल्या. "माझं म्हणणं एवढंच, की मूल स्वतःहून जड गोष्ट मागतं तेव्हा मी जरा थांबते. सगळी मुलं हलकं मागतात. आणि तुम्ही तर स्वतः साहित्याच्या. इंग्रजी साहित्य, नाही का? माझ्या लक्षात आहे."

माझा चेहरा गरम झाला.

सहा वर्षांपूर्वी प्रवेशाच्या वेळी एका गोऱ्या साहेबांनी मुलाखत घेतली होती. आईचं शिक्षण काय, विचारलं. मी म्हटलं, लिटरेचर. ते खूश झाले. "इंग्लिश लिटरेचर?" मी मान हलवली. हो म्हटलं नव्हतं, नुसती मान. तेवढ्यावर त्यांनी लिहून घेतलं. दहा वर्षांची केतकी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं, "तू तर मराठी शिकलीस ना?" मी म्हटलं होतं, "त्यांना तेवढं समजावत कोण बसणार?"

आता मी मिसेस नालवोगांना म्हटलं, "येस. लाँग बॅक."

"मग तुम्हाला कळेल," त्या म्हणाल्या आणि केतकीकडून फाइल मागून घेतली. चष्मा लावला. "हिनं सगळं नीट केलंय. पुस्तकांची यादी अर्धीअधिक झाली. मदतनीसही शोधलाय. मला फक्त त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं, कारण दोन वर्षं, दर आठवड्याला, हे सोपं नाही. माणूस भरवशाचं हवं." त्यांनी बोट ठेवून वाचलं, "मिस पाद्मा गुंजाल. पुणे विद्यापीठ, बी. ए., विषय मराठी, प्रथम श्रेणी. सर्टिफिकेटची प्रत जोडली आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही या बाईंना ओळखता का?"

मी कप बशीत ठेवला.

केतकी माझ्याकडं बघत नव्हती. ती खिडकीकडं बघत होती. समोरच्या छपरावर एक मोठा टकला करकोचा बसला होता, कंपालात ते कावळ्यांसारखे सगळीकडं असतात. केतकीचे ओठ घट्ट मिटलेले होते, आत दाबून धरल्यासारखे. मला वाटलं, घाबरली आहे. आपली चोरी पकडली गेली म्हणून घाबरली आहे.

माझ्या डोक्यात किती गोष्टी एकदम आल्या ते आज सांगता येत नाही. सर्टिफिकेट, मुलाखत, पंचेचाळीस, काळे मॅडम. आणि राग. मला न विचारता, माझ्या मागं, मला असं इथं आणून बसवलं.

"नो," मी म्हटलं. "आय डोन्ट नो हर."

"कुटुंबाच्या ओळखीच्या नाहीत?"

"नो."

करकोचा उडाला, त्याच्या पंखांचा आवाज आत आला. मी केतकीकडं बघितलं नाही. शेंगदाण्यांच्या वाटीत बघत होते.

मिसेस नालवोगांनी कागद हळूच खाली ठेवला. "केतकी? या बाई कुठं भेटल्या तुला?"

केतकीनं खिडकीवरची नजर खाली आणली.

"मला सांगायला हरकत नाही."

"माझी चूक झाली, मॅडम," केतकी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. स्पॅनिश चालेल मला."

"नक्की? मी आठवडाभर थांबू शकते. दुसरं कुणी शोधता येईल."

"नको. दुसरं कुणी नको."

मिसेस नालवोगा माझ्याकडं बघत राहिल्या. आपल्याला काहीतरी दिसत नाही एवढं त्यांना दिसलं असावं. मग त्यांनी फॉर्म केतकीपुढं सरकवला. तिनं मराठीच्या चौकटीवर रेघ मारली, स्पॅनिशच्या चौकटीत फुली केली. मी खाली सही केली. उज्ज्वला डी. वाकचौरे.

*

पद्मा रामचंद्र गुंजाळ मीच.

सासरी थोरल्या जाऊबाईंचं नाव पद्मा होतं. एका घरात दोन पद्मा नकोत म्हणून लग्नात माझं नाव बदलायचं ठरलं. तसंही तेव्हा बहुतेकींची बदलायचीच. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढा तोंडात कोंबला. मी वाकून वाचलं तेव्हा मला कळलं की मी उज्ज्वला. बी. ए.चा निकाल त्याच्या पंधरा दिवस आधी लागला होता. सर्टिफिकेट पुढं टपालानं माहेरी आलं, जुन्या नावाचं. भावानं ते मला आणून दिलं. मी साडीच्या खोक्यात ठेवलं, दहा पुस्तकांच्या वर. ते खोकं विमानानं युगांडात आलं, पण उघडलं नाही.

जानेवारीत केतकीनं विचारलं होतं, "आई, तुझं डिग्रीचं सर्टिफिकेट कुठंय गं?"

"कशाला?"

"शाळेत पालकांच्या शिक्षणाबद्दल काहीतरी हवंय."

मी भाजी निवडत होते. "खोक्यात बघ," म्हटलं. त्यानंतर बराच वेळ तिच्या खोलीतून काही आवाज आला नव्हता. मी बघायलाही गेले नाही. चवळीच्या शेंगा कोवळ्या होत्या, मला त्यांचं कौतुक.

परतीच्या वाटेवर जंगलाचा पट्टा लागतो, तिथं बायका भाजलेली केळी विकतात. गाडी थांबली की पाच-सहा जणी खिडकीला येऊन चिकटतात. केतकीला ती केळी फार आवडायची. मुसोकेनं न सांगताच गाडी थांबवली. मी दोन घेतली, एक तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं. खाल्लं नाही, हातात धरून बसली. केळ्याचा वाफाळता कागद तिच्या तळहातावर.

जंगल संपल्यावर मी म्हटलं, "सर्टिफिकेट कुठं ठेवलंस?"

"होतं तिथंच आहे."

"मला विचारायचं तरी आधी."

"विचारलं की." ती खिडकीबाहेर बघत होती. "मॅडमनी विचारलं तुला."

मला बोलायचं होतं. सकाळपासून घोटलेल्या सगळ्या वाक्यांत त्या वेळेला उपयोगी पडेल असं एकही नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच करते गं मी."

"हो," ती म्हणाली. "माहितीये."

कारखान्याची चिमणी दिसायला लागली. मळीचा वास आला. केतकीनं केळं मुसोकेला दिलं आणि त्यानं ते दोन घासांत संपवलं.

घरी हे जेवायला बसले होते. "काय ठरलं सहाव्याचं?"

"स्पॅनिश," केतकी म्हणाली.

"ओले!" हे म्हणाले. त्यांना तेवढा एकच शब्द येत होता. ती हसलीसुद्धा.

*

आमच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं. ती अबोला धरणारी मुलगी नव्हती. जेवायला बोलावलं की यायची, पोळ्या लाटू लागायची, काळे मॅडमची नक्कल करून हसवायची. फ्रिजवर स्पॅनिश शब्दांच्या चिठ्ठ्या लागल्या. फ्रिज, दूध, मीठ, खिडकी. रविवारी चार ते सहा ती निनादच्या जुन्या वह्या घेऊन काळ्यांकडं भरणाऱ्या वसाहतीतल्या पोरांच्या शिकवणीला जायची. मी मागच्या व्हरांड्यात चहा घेत बसायची आणि घड्याळ बघायची.

एकदाच मी विषय काढायचा प्रयत्न केला. ती चिठ्ठ्या लिहीत होती. मी म्हटलं, "कितपत अवघड आहे गं?"

"सोपं आहे. तू म्हणालीस तसं."

"आणि मराठी... तुला का घ्यायचं होतं?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. "असंच," म्हणाली. "तेव्हा वाटलं होतं."

मी तेव्हाही बोलू शकले असते. तिच्या पुढ्यात बसून म्हणू शकले असते, की मला लाज वाटली. पण मी आई होते आणि मला ते चुकलं असं अजून पुरतं वाटत नव्हतं. दोन वर्षांनी एकोणचाळीस पडले तिला. स्पॅनिशला सात. काळे मॅडमनी पेढे खाताना माझ्या पाठीवर थोपटलं, "बघा, म्हटलं नव्हतं?" नेदरलँड्सला प्रवेश मिळाला. एअरपोर्टवर तिनं मला मिठी मारली आणि माझ्या पदराला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मला वाटलं, सगळं ठीक आहे. विसरली असेल.

*

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले आणि आम्ही कोपरगावला परतलो. सामान लावताना साडीचं खोकं उघडलं. दहाच्या दहा पुस्तकं होती, पण मी ठेवली तशी नव्हती. मी आडवी रचली होती, ही उभी होती. आणि जवळजवळ प्रत्येकात खुणेला काही ना काही घातलेलं. शाळेच्या बसची पावती, चॉकलेटचा कागद, वाळकं पान. एकात पेन्सिलनं कडेला लिहिलेलं, 'म्हणजे काय? आईला विचार.' पुढच्या पानावर परत, 'आईला विचार.' चौथीपर्यंत शिकलेलं ते मोठं, गोल अक्षर.

पोरीनं ती पुस्तकं वाचली होती. फेब्रुवारीच्या आधीच. अडत अडत, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. मी, जिला वाटायचं आपलं पोरीवर चोवीस तास लक्ष आहे.

सर्टिफिकेट तळाशी होतं. त्याला टाचणीनं एक रेघांचा कागद लावलेला. वर लिहिलं होतं 'नऊ पुस्तकं'. खाली एक ते नऊ आकडे. पहिल्या सहांपुढं नावं, सगळी याच खोक्यातली. सात, आठ आणि नऊ रिकामे. त्या तिघांना मिळून एक महिरपी कंस काढलेला आणि त्यापुढं, 'आई ठरवेल.'

त्याखाली वेळापत्रक. 'रविवार ४ ते ६. मागचा व्हरांडा. चहा मी करणार. पप्पांना यायला बंदी.'

मी जमिनीवर बसले होते, तशीच बसून राहिले. यांनी बाहेरून दोनदा हाक मारली, स्क्रू ड्रायव्हर कुठंय म्हणून.

तिला फोन लावायला मला आठ दिवस लागले. ती रॉटरडॅममध्ये नोकरी करते. आम्ही एरवी रोज बोलतो, भाजी काय केली, थंडी किती आहे, पप्पांची शुगर. त्या दिवशी मी भाजीचं विचारलं आणि मग म्हटलं, "केतकी, तुझा एक कागद सापडला."

"कसला?"

"नऊ पुस्तकांचा."

पलीकडं नळ चालू होता, तो बंद झाला.

"अगंबाई," ती म्हणाली. "आहे अजून तो?"

"केतकी, त्या दिवशी मिसेस नालवोगांनी विचारलं ना, ती बाई..."

"आई, जाऊ दे ना. किती वर्षं झाली."

"अकरा. मला वाटलं होतं, तू माझी फजिती केलीस. तू घाबरून बसली होतीस, ओठ मिटून..."

"घाबरून?" ती म्हणाली. "अगं, मी हसू दाबत होते."

"हसू?"

"मला वाटलं, मॅडम तुझं नाव वाचतील. पद्मा गुंजाळ. आणि तू एकदम दचकशील आणि म्हणशील, अहो, ती मीच. मग त्या चकित होतील. मग तू त्यांना ते तांदळाचं सांगशील, ताटातलं. मला ते त्यांना सांगायचंच होतं, पण म्हटलं, तुझं तुला सांगू दे. मी आठवडाभर हीच गंमत मनात धरून होते." ती जरा हसली. "गाडीत मला वाटत होतं, तू फाइल ओढून घेतलीस तर सगळं फुकट जाईल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू 'नो' म्हणालीस, तरी मला पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतीयेस. दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा कळलं."

"मला लाज वाटली गं," मी म्हटलं. अकरा वर्षांनी निघालं ते तोंडातून. "मी त्यांना इंग्रजी सांगितलं होतं."

"माहितीये. मी होते ना शेजारी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर देता आलं असतं. "म्हणून तर पद्माचं नाव लिहिलं. म्हटलं, उज्ज्वलानं काही सांगितलं असेल. पद्मानं कुठं सांगितलं होतं?"

बाहेर यांनी भिंतीला खिळा ठोकायला घेतला. ठक, ठक.

मी म्हटलं, "आता वाचू या? फोनवर. रविवारी चार ते सहा. तुझ्याकडं दुपार असेल, मी हिशोब केलाय."

ती फार मायेनं, आपण लहान मुलाला सांगतो तसं, म्हणाली, "आई, मला आता तेवढं वाचता येत नाही गं. सवय गेली. जोडाक्षरं अडतात. तुझे मेसेजसुद्धा मी मोठ्यानं वाचते, तेव्हा कळतात."

"मग मी वाचून दाखवेन."

"बघू," ती म्हणाली. "मार्चपर्यंत कामाची गडबड आहे. मग बघू या."

मार्च होऊन गेला. मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही.

तो कागद मी परत टाचणीनं सर्टिफिकेटला लावून ठेवला आहे. मधूनच काढते. सात, आठ आणि नऊपुढं अजून काही नाही. तिच्या आयुष्यातल्या किती गोष्टी मी भराभर ठरवल्या. दप्तर, शिकवणी, सहावा विषय. त्या तीन ओळींपुढं पेन घेऊन मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळेला टोपण लावून उठले.